चंदेरी रंगाखालची भेग

पहिल्यांदा इंजिनाच्या नळ्यांचा तो मॅनिफोल्ड मी हातात घेतला तेव्हा त्यातून कोळी पडले.

मेलेले नव्हते. कुंभारीण माशी रिकामी नळी दिसली की आत मातीचं घर करते, कोळ्यांना नांगी मारून लुळं करते आणि पिल्लांच्या खाण्यासाठी कोंबून ठेवते. मी नळी टेबलावर आपटली तशी माती फुटली आणि सात-आठ कोळी पाय हलवत माझ्या चहाच्या कपापर्यंत पसरले. पण खरी ओकारी यायची वेळ नंतर आली, कोळी झाडून मी टॉर्चने नळीच्या आत पाहिलं तेव्हा.

आत वितळलेल्या ॲल्युमिनियमचे गोळे लोंबत होते. एका जोडाला भोक पडलं होतं, ते दोन पुड्या मळून लावायच्या पुट्टीने बाहेरून बुजवलं होतं. त्या सगळ्यावर चंदेरी स्प्रे मारला होता, इतका जाड की त्याचे ओघळ तसेच वाळून राहिले होते.

"कोणी केलं हे?" मी विचारलं.

"आमच्याकडच्या गेटवाल्यानं," काका म्हणाले. "स्टीलचे रेलिंग अन् गेट करते तो. कसं वाटते?"

"काका, हे मी नालीले पण नाही लावणार."

ते हसले. "म्हणून तर सौसरले आलो ना बाई, तुह्याकडं."

काका पांढुर्ण्याचे. आमचं नातं काही नाही, पण ओळख झाली त्या दिवसापासून मी त्यांना काकाच म्हणते. हवाई दलात इंजिन फिटर होते. निवृत्त होऊन गावी आले, बायको वारली, मुलगी लग्न होऊन लांब गेली. सत्तरीला टेकलेले, पण शर्टाची घडी मोडलेली मी कधी पाहिली नाही. किराण्याच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी तो मॅनिफोल्ड आणला होता. कोणी तरी त्यांना सांगितलं होतं, सौसरला एक बाई आर्गन वेल्डिंग करते अन् नळीच्या आत डोकावून पाहते.

ते खरं होतं. सौसरजवळच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं दुधाच्या डेअरीसाठी स्टीलच्या नळ्या जोडल्या. त्या कामात बाहेरचा जोड कोणी बघत नाही. तपासणारा येतो आणि आत आरसा घालतो. आतला जोड गुळगुळीत नसला, केसाएवढी फट राहिली, तर तिथे दूध अडकतं. मी नवीन असताना माझाच एक जोड असा निघाला. मुकादमाने ती नळी कापून माझ्या नाकाखाली धरली आणि म्हणाला, घे वास. आत पिवळा, बुळबुळीत थर होता. त्या दिवशी मी जेवले नाही. तेव्हापासून मला नळी बाहेरून दिसतच नाही. लग्नाच्या पंगतीत पाण्याच्या जारची तोटी दिसली तरी तिच्या आत काय असेल हेच डोक्यात येतं. घरचे वैतागतात.

कारखाना सोडल्यावर घरामागे पत्र्याची शेड टाकली, आर्गनचं मशीन घेतलं. फवारणी पंपांच्या टाक्या, गळके रेडिएटर, हॉटेलवाल्यांची पातेली, असली कामं येतात. विमानाचं काम येईल असं कधी मनात आलं नव्हतं.

विमान शेठचं होतं. शेठ म्हणजे पांढुर्ण्याचा संत्र्याचा व्यापारी. तिगावच्या रस्त्याला त्याचं एक जुनं गोदाम आहे. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून त्याने मनात घेतलं होतं की नव्या जिल्ह्यात काही तरी पहिलं आपल्या नावावर पाहिजे. कोणी तरी त्याला दाखवलं की परदेशात लोक घरी विमानं करतात. त्याने दोन माणसांच्या छोट्या विमानाचा सांगाडा मिळवला, भंगारातून जुन्या जपानी गाडीचं रोटरी इंजिन आणलं, आणि ते बसवायला काकांना धरलं. परवानग्यांचं काय, असं विचारलं की तो म्हणायचा, होऊन जाईल.

इंजिन काय आहे ते काकांनी मला माझ्याच टेबलावर समजावलं. साध्या इंजिनात पिस्टन वर-खाली ठोकत राहतो. याच्यात पिस्टन नाही. पोटात दोन तिकोनी लोखंडी चकत्या गोल फिरतात, फुगीर बाजूंच्या, मोठ्या समोशासारख्या. मोडायला भाग कमी, वजन कमी, म्हणून घरी विमान करणाऱ्यांना ते आवडतं. त्या चकत्यांच्या टोकांना बारीक पट्ट्या असतात, त्यांना सील म्हणतात. त्या तुटल्या की इंजिनाचा दम गेला.

"अन् मॅनिफोल्ड म्हणजे त्याचं नरडं," काका म्हणाले. "कार्बोरेटरमधून पेट्रोल अन् हवा घेऊन इंजिनाच्या पोटात नेणाऱ्या नळ्या. गाडीचा होता तो लांबलचक अन् वाकडा. विमानाच्या नाकात मावून नाही राहिला. म्हणून घरीच कराचा आहे. त्याच्यातून एक गोळा सुटून आत गेला तर सील तुटते. गाडी बंद पडली तर रोडच्या बाजूले लावता येते. वरती कुठं लावता?"

मी हो म्हटलं. विमानासाठी नाही. तो गेटवाल्याचा मॅनिफोल्ड माझ्या टेबलावर पडला होता म्हणून. एखाद्याच्या ताटात झुरळ दिसल्यावर आपण ताट बदलून देतो, तसं.

पुढच्या आठवड्यात मोहगाववरून जाणाऱ्या बसने मी पांढुर्ण्याला गेले. गोदाम पाहून पाऊल आत टाकवेना. पंखांच्या सांगाड्यावर कबुतरांची घाण पडलेली. इंजिन लोखंडी स्टँडवर, आणि त्याच्या मागची भिंत खर्‍याच्या तंबाखू-सुपारीच्या पिंकांनी गुडघ्यापर्यंत लाल. कोपऱ्यात खर्‍याच्या प्लॅस्टिक पन्नीचे ढीग. त्या सगळ्यात काकांनी आपल्यापुरती एक जागा स्वच्छ ठेवली होती, चटईएवढी. तिथे पांढऱ्या कपड्यावर नट फिरवायचे पाने आकाराप्रमाणे मांडलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत.

शेठ आला. तोंडात खर्रा होताच. मी वहीत चित्र काढून नेलं होतं. खाली इंजिनावर बसणारी जाड पाटी, तिच्यातून निघणाऱ्या नळ्या, वर कार्बोरेटर, आणि कार्बोरेटरचं वजन तोलायला इंजिनापासून वर जाणारी आधाराची पट्टी.

"हे काय?" त्याने पट्टीवर बोट ठेवलं.

"आधार आहे. कार्बोरेटर जड आहे. नाही तर सगळं वजन जोडावर लोंबते, अन् इंजिन थरथरते तेव्हा..."

"नाही, नाही, मॅडम. हे समोरूनच दिसते. फोटोत हेच येते. चकाचक पाहिजे. मधात पट्ट्याबिट्ट्या नोको." त्याने भिंतीवर पिंक टाकली, ओठ पुसले आणि त्याच बोटाने माझ्या चित्रातली पट्टी खोडली. कागदावर लाल डाग उमटला.

मी काकांकडे पाहिलं. काका आपल्या बुटांकडे पाहत होते.

मी म्हणाले, "बरं."

पुष्कळ वेळा मी त्या एका शब्दाकडे मागे वळून पाहिलं आहे. तेव्हा मला कोणी धमकावलं नव्हतं. मला फक्त तिथून लवकर बाहेर पडायचं होतं, त्या वासातून, त्या भिंतीसमोरून. म्हणून मी बरं म्हटलं आणि बस पकडली.

काम मात्र मनापासून केलं. जाड ॲल्युमिनियमची पाटी कापली, इंजिनाच्या तोंडांशी जुळवून भोकं पाडली, आणि भोकांच्या कडा बोट फिरवलं तर अडकणार नाही इतक्या कानसीने गोल केल्या. ॲल्युमिनियम तापलं की वाकतं, म्हणून पाटी एका जाड लोखंडी ठोकळ्यावर नट-बोल्टने आवळून ठेवली आणि मग नळ्या जोडल्या. थोडं इकडे, थोडं तिकडे, मध्ये थांबून. नंतर पाटी काचेवर ठेवलेल्या पॉलिश कागदावर दोन दिवस घासली, सपाट होईस्तोवर. तोंडं बुचांनी बंद करून सायकलच्या पंपाने हवा भरली आणि जोडांवर साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. आत आरसा घालून पाहिलं. जोड माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा. मी तो घरातल्यांना दाखवला, त्यांनी छान आहे म्हटलं आणि टीव्हीकडे वळले.

पांढुर्ण्याला तो बसवला आणि काकांनी इंजिन सुरू केलं. रोटरीचा आवाज वेगळाच असतो, धडधड नाही, एक सलग फाडल्यासारखा आवाज, जाड कापड फाडत नेल्यासारखा. कबुतरं उडाली. काकांनी कानावर हात न ठेवता डोळे मिटले. त्या दिवशी मला कशाचीच किळस आली नाही, हेही सांगायला पाहिजे.

दोन-अडीच आठवड्यांनी काकांचा फोन आला. "इंजिन हळू केलं तरी हळू होऊन नाही राहिलं. भकभकून राहिलं आहे."

"कुठून तरी जास्तीची हवा ओढून राहिलं ते. भेग असंन. बंद ठेवा, काका. मी शुक्रवारी येतो."

आमच्याकडे बायकाही बोलताना येतो, जातो म्हणतात. शुक्रवारी गेले. गोदामाबाहेर मंडप घालणं चाललं होतं. आत विमान उभं झालं होतं, त्याच्या नाकात इंजिन चालू होतं, अगदी एकसारखं, आणि माझा मॅनिफोल्ड चंदेरी झाला होता.

मी हाताने खूण केली तसं काकांनी इंजिन बंद केलं.

"रंग कोणी मारला?"

"शेठनं. रविवारी कार्यक्रम आहे. लोक येऊन राहिले, नागपूरचे बी. मागच्या वावरात पट्टी तयार केली आहे, त्याच्यावरून धावते विमान."

"फक्त धावते?"

बाहेर मंडपाचे दोर धरून उभ्या असलेल्या शेठनेच तिथून उत्तर दिलं. "थोडंसं उचलून पाहू ना मॅडम. दहा-वीस फूट. मी बसतो, काका बसते."

मी पाटीजवळच्या जोडावर नख चालवलं. रंग सालासारखा निघाला. खाली राखाडी पुट्टी. ती बोटभर रुंद होती आणि नळीला अर्ध्याहून जास्त वेढा घालून गेली होती. तिचा तो गोडसर, कुबट वास माझ्या घशात बसला.

"हे गेटवाल्यानं केलं?" मी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "मी लावली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्या माणसाने मला नरडं आणि सील समजावले होते, ज्याचे पाने पांढऱ्या कपड्यावर झोपलेले असायचे, त्याच्या तोंडून हे.

"तुम्हाले माहीत होतं भेग आहे?"

"माहीत होतं."

"अन् तरी तुम्ही बसणार होते? त्याले घेऊन?"

"जमिनीवरच धावते म्हणे आधी. मग त्यानं परवा उचलाचं काढलं." काकांचा आवाज खाली आला. "बाई, घरी मी भिंती पाहत बसत होतो. इथं कोणी मले विचारते तरी, काका, हे कसं कराचं. रविवार नाही झाला तर तो मले घरी बसवते अन् गेटवाल्याले बोलावते. एक दिवस चालून जाऊ दे म्हटलं. मग मी सांगणार होतो."

मला त्यांची किळस आली. आजवर खूप लोकांची आली आहे, पण ज्याला मान दिला त्याची येते ती वेगळी असते. त्याच वेळी कीवही आली, आणि कीव आली म्हणून आणखीच किळस आली, माझीसुद्धा.

मी पांढऱ्या कपड्यावरून योग्य तो पाना उचलला, कार्बोरेटर उतरवला, नट काढले, मॅनिफोल्ड उचलला आणि शिकंज्यात धरून हॅक्सॉ लावली. शेठ धावत आला.

"ओ मॅडम! काय करून राहिले! ते माझं आहे!"

"माझ्या हातचं आहे," मी म्हणाले आणि आरी चालवत राहिले.

तो काकांवर ओरडला, "तिले थांबव ना!" काका पुढे आले. मला वाटलं आता हात धरतील. त्यांनी मॅनिफोल्डचं दुसरं टोक धरलं, आरी सरळ चालावी म्हणून.

नळी दुभंगली. आम्ही तिघांनी आत पाहिलं. पेट्रोलने पुट्टी आतून फुगली होती. ओल्या चघळलेल्या सुपारीसारखी ती भेगेतून आत लोंबत होती, मऊ, चिकट, आणि तिची कड दातांनी तोडल्यासारखी होती. एक तुकडा नव्हता. नखाएवढा.

"कुठं गेला?" शेठने विचारलं.

"पोटात," काका म्हणाले.

"मग जळून गेला असंन. दुसरं काही बसवा. रविवार तर होऊ द्या."

मी बाहेर गेले आणि मंडपाच्या खांबाला धरून ओकले. तोंड धुऊन परत आले तेव्हा काका शेठसमोर उभे होते, हात मागे बांधून, साहेबासमोर उभे राहतात तसे, पण बोलणं तसं नव्हतं.

"इंजिन उघडल्याबिगर चालत नाही. मी बसत नाही त्याच्यात. तुम्हाले बी बसू देत नाही. पुट्टी मी लावली, सगळ्यांसमोर सांगतो पाहिजे तर."

सांगायची गरज पडली नाही. रविवारी कार्यक्रम झाला. आम्ही दोघं नव्हतो, पण फोटो सगळ्या पांढुर्ण्याच्या मोबाईलवर फिरले. गेटवाल्याने रेलिंगच्या चकचकीत स्टील नळ्या वाकवून इंजिनावर नुसत्या टेकवून ठेवल्या होत्या. आत भोकसुद्धा नव्हतं, दोन्ही टोकं बंद. पाहुणे त्या नळ्यांजवळ उभे राहून हसत होते, हार घातलेला शेठ मध्ये. वडा-भात खाऊन लोक गेले. इंजिन का सुरू केलं नाही असं कोणीच विचारलं नाही म्हणे. त्याचीच मला सगळ्यात जास्त शिसारी आली. मी अकरा वर्षं आरसे घालून जोड पाहिले आणि इथे बंद नळीपुढे शंभर माणसं समाधानाने जेवली.

गोदामाची किल्ली शेठने काकांकडेच राहू दिली होती, इंजिन उघडायला त्यांनी मला बोलावलं. मी जाणार नव्हते. फोनवर ते म्हणाले, "मह्या डोळ्याले बारीक दिसत नाही आता. तू पाह्य." म्हणून गेले. शेठ त्या आठवड्यात संत्र्याच्या गाड्यांत अडकला होता, गोदामात आम्ही दोघंच. इंजिन परत स्टँडवर घेतलं, चकती बाहेर काढली. एका टोकाची सील कोपऱ्यात तुटली होती आणि आतल्या चकचकीत भिंतीवर लांब ओरखडा उठला होता. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि कितीतरी वेळ तो काढलाच नाही.

"हे मी केलं," ते म्हणाले.

"पुट्टी तुम्ही लावली," मी म्हणाले. "भेग माही आहे."

मग मी त्यांना ते सांगितलं जे मला कापलेल्या नळीत त्या दिवशीच दिसलं होतं आणि मी गिळून टाकलं होतं. भेग जोडात नव्हती. जोड शाबूत होता. भेग जोडाला लागूनच, पाटीच्या वर, जिथे कार्बोरेटरचं वजन लोंबत होतं तिथे नळीत पडली होती. जिथे आधाराची पट्टी असती तर पडली नसती. मला हे चित्र काढतानाच माहीत होतं. माहीत असून मी बरं म्हटलं आणि मग त्या कमजोर वस्तूवर खवल्यांसारखा सुंदर जोड घालत बसले. गेटवाल्याला निदान येत तरी नव्हतं.

काका म्हणाले, "मी बी तेव्हा बोललो नाही. मले बी दिसून राहिलं होतं."

"हाव. पाहिलं मी तुम्हाले बुटाकडं पाहताना."

ते ओशाळून हसले. मी हसले नाही. पण भिंतीकडे पाहून मी विचारलं, की इथे चुना मिळतो का. आम्ही आधी ती भिंत खरवडली. नाकाला रुमाल बांधून, पत्र्याच्या तुकड्याने, दुपारभर. लाल पाणी पायांखाली वाहत होतं आणि मला दोनदा बाहेर जावं लागलं. मग चुना मारला. त्यानंतरच मी मोजमापं घेतली.

दुसरा मॅनिफोल्ड दिसायला कुरूप झाला. पाटी आणखी जाड. नळ्या जिथे पाटीला मिळतात तिथे तिकोनी टेकू. मध्ये नळी कापून जाड रबरी होजचा तुकडा क्लिपांनी आवळला, म्हणजे खालची थरथर वर जाणार नाही. पेट्रोलमध्ये फुगणारं रबर चालणार नव्हतं. काकांनी तीन तऱ्हेचे तुकडे आणले, आम्ही ते बरणीत पेट्रोलमध्ये बुडवून माझ्या शेडच्या पत्र्यावर पंधरा दिवस ठेवले. दोन तुकडे सडलेल्या केळ्यांसारखे झाले, बोट लावलं तर काळं निघायचं. एक जसाच्या तसा राहिला, तो घेतला. आणि कार्बोरेटरखाली आधाराच्या दोन पट्ट्या लावल्या, एक नाही. रंग नाही, पॉलिश नाही. भेग पडलीच तर पहिल्या दिवशी दिसली पाहिजे.

शेठ आला, पाहून म्हणाला, "हे काय भंगारासारखं दिसून राहिलं."

"असंच राहते," मी म्हणाले. "नाही तर मी काढून घेऊन जातो."

मला वाटलं तो भांडेल. त्याने खांदे उडवले. त्याची हौस रविवारीच फिटली होती, फोटो झाले होते. तो फोनवर बोलत बाहेर गेला आणि जाताना नव्या पांढऱ्या भिंतीवर थुंकला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, बादली उचलली आणि धुतलं.

नवी सील आली, इंजिन जुळलं. उन्हाळाभर काका रोज संध्याकाळी ते तासभर स्टँडवर चालवत. पांढुर्ण्याच्या त्या उन्हात गोदामाचा पत्रा हात लावू देत नव्हता, आणि शेजारच्या धुराच्या नळ्या लालबुंद होत, तरी मॅनिफोल्ड टिकला. दर पंधरा दिवसांनी मी बसने जायचे, आरसा घालायचे, साबणाचं पाणी लावायचे. भेग नाही. पट्ट्या जागच्या जागी. उन्हाळा संपेस्तोवर मी त्या वस्तूत काही तरी खोट काढायचा प्रयत्न करत होते आणि ती सापडली नाही.

विमान उडालं नाही. पावसाळ्याआधी शेठने ते दुसऱ्या राज्यातल्या कुणाला विकलं. आम्हाला सांगितलं नाही. काका एका सकाळी गेले तर स्टँड रिकामा, चटईएवढ्या जागेवर ट्रकच्या चाकांचा चिखल आणि पाने एका घमेल्यात ढिगाने टाकलेले. ते पाने पुसत बसले असताना त्यांनी मला फोन केला. "नेलं," एवढंच म्हणाले.

महिन्याने विकत घेणाऱ्याचा मला फोन आला. शेठने त्याला सांगितलं होतं की मॅनिफोल्ड त्याच्या खास कारागिराने बनवला. नंबर मात्र माझा दिला होता, अडचण आली तर विचारायला. तो माणूस हिंदीत बोलत होता, सभ्य होता.

"मॅडम, इस पर क्रोम चढवा सकते हैं क्या? दिखने में थोड़ा खराब है."

"चढवाओ. पर फिर दरार नहीं दिखेगी."

तो घाबरला. "दरार है क्या?"

"नहीं है. कल पड़ी तो दिखनी चाहिए ना?"

तो म्हणाला, ठीक है, रहने देते हैं. त्याने खरंच राहू दिलं की नाही मला माहीत नाही. मी आधाराच्या पट्ट्या काढू नका असं तीन वेळा सांगितलं आणि फोन ठेवल्यावर हात धुतले, उगाचच.

काका आता दर मंगळवारी सौसरला येतात. मी त्यांना माफ केलं का, असं घरी कोणी तरी विचारलं होतं. त्यांच्याकडे पाहिलं की अधूनमधून तो गोडसर वास अजून येतो. पण ते येतात. डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं आहे. म्हणाले, आयुष्यभर दुसऱ्याने जोडलेलं नुसतं आवळत आलो, आता जोडता आलं पाहिजे. मी त्यांना माझं जुनं हेल्मेट दिलं आणि ॲल्युमिनियमचे तुकडे.

परवा त्यांनी तासभर खपून दोन तुकडे जोडले, थंड केले आणि शर्टाची बाही सावरत माझ्यापुढे ठेवले. जोड काळवंडलेला, एकीकडे फुगलेला, एकीकडे खड्डा.

"कसं आहे?"

"घाण आहे, काका."

त्यांनी तुकडा उन्हाकडे धरून फिरवून पाहिला. "हाव," ते म्हणाले, "घाणच आहे," आणि ग्राइंडर उचलला.